अवघडपणाची किल्ली



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, राज्यघटना, शेतीचे अर्थकारण असे भारदस्त विषय मांडले जातात, तेथून व्हिडिओ गेमविषयी बोलावयाचे म्हणजे भरसभेत पोरखेळ मांडण्यासारखे आहे, असे काही श्रोत्यांना वाटण्याचा संभव आहे. त्यांची शंका अगदीच अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु खेळाचा इतिहास हा नेहमीच खेळणाऱ्या समाजाचाही इतिहास असतो. सोंगट्यांचा पट कोठे मांडला जाई, आखाड्यात कोणास प्रवेश मिळे आणि कोणास दारातूनच परतावे लागे, यावरून त्या त्या काळची समाजाची घडण ओळखता येते. व्हिडिओ गेमला आता पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. एवढ्या अवधीत त्याच्याभोवती पुष्कळ प्रश्न उभे राहिले. त्यांपैकी एकच आज आपणांपुढे ठेवावयाचा आहे : खेळ किती अवघड असावा, आणि हे ठरविण्याची किल्ली कोणाच्या हाती असावी?

हा प्रश्न आपणांस परका नाही. अंगणात लगोरी किंवा आट्यापाट्या चालू असताना धाकटे भावंड हट्ट धरून बसले, की थोरली मुले त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून आत घेतात. लिंबूटिंबू धावतो, ओरडतो, घामाघूम होतो. पण तो बाद झाला तरी बाद धरीत नाहीत, आणि जिंकला तरी त्याची जीत मोजीत नाहीत. काही दिवस ते पोर त्यावरही खूश असते. मग एके दिवशी त्याला आपल्या पदवीचा अर्थ कळतो, आणि ते रडत घरी येते. खेळात घेणे आणि गडी म्हणून मोजणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे त्या पोराला त्या दिवशी समजते. पुढील सर्व विवेचनात हा भेद ध्यानात ठेवावा, एवढी विनंती.

आरंभ नाण्यापासून करू. १९७१ साली अमेरिकेत 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचे, नाणे टाकून खेळावयाचे यंत्र निघाले. नोलन बुशनेल व टेड डॅबनी हे त्याचे जनक. यंत्र देखणे होते. पण ते चालवावे कसे हे कळण्यासाठी सूचनांचे पान वाचावे लागे. मद्यगृहात घटकाभर विसाव्यास आलेल्या माणसाला एवढी उस्तवार कशी परवडावी? पुढल्याच वर्षी, १९७२ मध्ये, याच जोडीने अटारी ही कंपनी स्थापन केली, आणि अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने त्यांच्यासाठी 'पाँग' हा खेळ तयार केला. पडद्यावर दोन फळ्या आणि एक ठिपका; सूचनाही थोडक्यात एवढीच, की गुण हवे असतील तर चेंडू चुकू देऊ नका. कॅलिफोर्नियातील सनीव्हेल येथील एका मद्यगृहात पहिले यंत्र ठेवण्यात आले. थोड्याच दिवसांत ते बिघडल्याची तक्रार आली. अल्कॉर्न तपासावयास गेले, तो यंत्रात बिघाड असा काहीच नव्हता. नाण्यांची पेटी तुडुंब भरल्यामुळे ते अडले होते! बुशनेल यांच्या नावाने पुढे एक सूत्र प्रसिद्ध झाले. त्याचा आशय असा, की उत्तम खेळ शिकावयास सोपा असावा, परंतु त्यात पारंगत होणे अवघड असावे. पहिले नाणे टाकणाऱ्यालाही त्याने रिझवावे आणि शंभरावे टाकणाऱ्यालाही.

या सूत्रात कला आहे, तसा हिशेबही आहे. खेळ फार सोपा असेल तर गिऱ्हाईक एका नाण्यावर तासभर यंत्र अडवून बसेल. फार अवघड असेल तर दुसरे नाणे टाकणारच नाही. त्या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीवर पार्लरवाल्याचे पोट भरत होते. बऱ्याच यंत्रांच्या पोटात, कुलूपबंद दाराआड, बारीक खटक्यांची एक ओळ असे. गड्याला प्राण किती द्यावयाचे, जादा प्राण किती गुणांवर द्यावयाचा, खेळ कितपत कठीण करावयाचा, हे त्या खटक्यांनी ठरे. आपल्याकडेही शहरांतून अशी पार्लरे निघाली. तेथे खिशातले नाणे चटकन संपले की मुले आपल्याच बोटांना दोष देत. त्या कुलूपबंद खटक्यांचा त्यांना पत्ताही नसे. अवघडपणाची किल्ली प्रथम होती ती दुकानदाराच्या जुडग्यात, आणि हे शब्दशः खरे आहे.

तरीही या काळातील सारा अवघडपणा हा केवळ पैशाचा डाव होता असे म्हटले तर अन्याय होईल. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी तैतो कंपनीसाठी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ रचला. परग्रहावरील शत्रूंच्या पाच रांगा, प्रत्येक रांगेत अकरा, असे पंचावन्न शत्रू हळूहळू खाली उतरत येतात आणि खालून आपण त्यांना टिपावयाचे. त्या वेळच्या यंत्राची शक्ती बेताची. पंचावन्न आकृत्या हलविताना ते मेटाकुटीस येई. शत्रू मरत जात तसे ओझे कमी होई आणि उरलेले आपोआप अधिक वेगाने सरकू लागत. निशिकादो यांनी हे पाहिले, आणि दुरुस्त करण्याऐवजी तसेच ठेविले. जिंकण्याच्या जवळ जावे तो संकट गहिरे व्हावे, ही नाट्यमयता अशी यंत्राच्या दुबळेपणातून जन्मास आली. अवघडपणा हा रसही असू शकतो, याचा हा पहिला ठसठशीत पुरावा होय.

यानंतरच्या तीन वर्षांत दोन वाटा फुटल्या. १९८१ च्या 'डिफेंडर' या खेळात एक दांडा आणि पाच बटणे होती. नवख्या माणसाचा निभाव काही क्षणच लागे, आणि त्या दुर्गमतेचेच तरबेज गड्यांना आकर्षण वाटे. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८० साली, नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी 'पॅक-मॅन' आणला होता. पार्लरे ही पुरुषांची मिरासदारी झाली आहे, तेथे स्त्रियांनीही यावे, जोडप्यांनी यावे, हा त्यांचा स्पष्ट हेतू होता. म्हणून त्यांनी मारामारीऐवजी खाणे हा विषय घेतला. बटण एकही ठेविले नाही, केवळ एक दांडा. परंतु हा खेळ सोपा होता काय? मुळीच नव्हे. पुढील पायऱ्यांवर भुतांना भेदरविण्याची मुदत घटत घटत शून्यावर येते. इवातानींनी दार रुंद केले, चढ मात्र कमी केला नाही. दार आणि चढ यांतील हा भेद १९८० सालीच दिसून आला होता. त्याला नाव मिळण्यास मात्र पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

खेळ पार्लरातून घरात आला तेव्हा नाणे गेले, आणि त्याबरोबर अवघडपणाचे जुने कारणही जावयास हवे होते. अटारीने १९७७ मध्ये घरगुती यंत्र काढले. त्यावर डाव्या व उजव्या गड्यासाठी काठिण्याचे दोन निरनिराळे खटके होते. बाप तरबेज आणि मुलगी नवखी असेल, तर बापाचा खटका अवघडावर व मुलीचा सोप्यावर ठेवून दोघांनी एकाच पटावर खेळावे. आपल्या जत्रेतील कुस्त्यांच्या फडात रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्तीपासून अखेरच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जोड लावण्याची जी शहाणी पद्धत आहे, तिचाच हा पाश्चात्त्य अवतार म्हणता येईल. किल्ली क्षणभर गड्याच्या हाती आली होती.

ती तेथे फार काळ राहिली नाही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील बाजार एकसारख्या, निकृष्ट खेळांच्या पुराने कोसळला. त्यातून जे सावरले ते मुख्यतः जपानी खेळ, आणि त्यांच्या रचनेत पार्लरचे वळण मुरलेले होते. खेळ लहान, किंमत मोठी; मग तो महिनाभर पुरावा कसा? अवघड करून! १९८६ साली जपानमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा दुसरा भाग निघाला. तो निन्टेन्डोच्या अमेरिकेतील शाखेला इतका जाचक वाटला, की १९८८ मध्ये अमेरिकन मुलांना त्याच नावाखाली एक निराळाच खेळ, पात्रांचे मुखवटे बदलून, देण्यात आला. मूळ भाग तिकडे पोहोचावयास १९९३ साल उजाडले. उलटपक्षी अमेरिकेत खेळ भाड्याने देणारी दुकाने होती. एका शनिवार-रविवारात खेळ पुरा झाला तर विकत कोण घेणार, या धास्तीने काही खेळ मुद्दाम कठीण करण्यात आले. १९९४ च्या 'द लायन किंग' या लहान मुलांच्या खेळाबाबत त्याच्या निर्मात्यांनीच पुढे तसे सांगितले आहे. सिंहाच्या छाव्याची गोष्ट पाहून हरखलेली किती मुले त्याच्या दुसऱ्याच टप्प्यावर हिरमुसली असतील! तो अडथळा कलेने घातलेला नव्हता, दुकानाच्या फळीने घातला होता.

याच काळातील एक हकीकत मला सर्वांत बोलकी वाटते. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो हे 'ग्रेडियस' हा पार्लरचा खेळ घरगुती यंत्रावर आणीत होते. काम करताना त्यांच्या ध्यानी आले, की हा खेळ आपल्यालाच शेवटपर्यंत खेळता येत नाही. मग तपासावयाचा कसा? त्यांनी स्वतःपुरती एक गुप्त वाट केली. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, अशी बटणे दाबली की सारी आयुधे हाती येत. १९८६ साली खेळ बाजारात गेला, त्याबरोबर ही वाटही राहून गेली. पुढे १९८८ मध्ये 'कॉन्ट्रा'च्या घरगुती आवृत्तीत हाच मंत्र म्हटला असता तीसाहून अधिक नाही, पण पुरते तीस प्राण मिळू लागले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून कॅसेट घालावयाचे जे संच अनेक मध्यमवर्गीय घरांत आले, त्यांवर कॉन्ट्रा खेळलेले श्रोते येथे असतीलच. ज्याने खेळ घडविला त्यालाही सवलत लागली, ती त्याने निःसंकोच घेतली, आणि जगाने त्या सवलतीला मंत्राचे पावित्र्य दिले! हाशिमोतो २०२० मध्ये निवर्तले. त्यांना कोणी लिंबूटिंबू म्हटल्याचे ऐकिवात नाही.

सामान्य गड्याच्या वाट्याला मात्र टिंगल येई. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन ३डी' या खेळात काठिण्याच्या चार पायऱ्या होत्या. त्यांतील सर्वांत सोपी निवडली की नायकाच्या चेहऱ्यावर तान्ह्या बाळाचे टोपडे आणि तोंडात चोखणी दिसे. विनोद म्हणून हे सोडून देता येईल. पण पंचवीस वर्षांनंतरही ते वळण सुटले नव्हते. २०१७ च्या 'कपहेड' या खेळाचे सारे चित्रकाम १९३० च्या दशकातील व्यंगचित्रपटांच्या धर्तीवर हाताने रेखाटलेले आहे, आणि त्या सौंदर्यामुळे तो हजारांत उठून दिसतो. परंतु त्याच्या सोप्या पायरीवरून जाणाऱ्याला अखेरच्या शत्रूंपर्यंत पोहोचू देत नाहीत. पंगतीला बसविले, पण पक्वान्न येताच पान उचलले, असा हा प्रकार झाला. दुसरीकडे काही रचनाकारांनी गुपचूप मदतीचा मार्ग धरिला. २००५ च्या 'रेसिडेंट ईव्हिल ४' मध्ये गडी वारंवार मरू लागला की खेळ त्याला न सांगता थोडा नरम होई, चांगला खेळू लागला की कडक होई. हेतू दयाळू होता. पण किल्ली आता यंत्राने आपल्याच कनवटीला लावली होती.

येथवर अवघडपणाची कथा झाली. आता गर्दीची कथा सांगितली पाहिजे, कारण दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एकविसाव्या शतकात खेळ करणे आणि जगभर विकणे स्वस्त झाले. स्टीम या एकट्या विक्रीकेंद्रावर २०२४ या एका वर्षात १८,००० हून अधिक नवे खेळ दाखल झाले. इतक्या गलबल्यात आपला खेळ लोकांच्या नजरेस पडावा कसा? मोठ्या कंपन्यांनी एक उपाय केला : सर्वांना सर्व काही समजावून सांगावयाचे, कोठेही अडू द्यावयाचे नाही. नकाशावर बाण, पावलोपावली सूचना. परिणाम असा झाला, की खेळ सुबक झाले आणि एकमेकांसारखे झाले.

या पार्श्वभूमीवर टोकियोच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेतील हिदेताका मियाझाकी यांनी २००९ मध्ये 'डेमन्स सोल्स' हा खेळ दिला. तो निर्दय होता, अबोल होता. ज्या सोनी कंपनीने जपानात तो प्रसिद्ध केला तिनेच तो बाहेर नेण्याचे नाकारले. अमेरिकेत दुसऱ्याच प्रकाशकाने त्याच वर्षी तो काढला आणि लोकांनी उचलून धरिला. २०११ मध्ये 'डार्क सोल्स' आला. पुढल्या वर्षी संगणकासाठी त्याची जी आवृत्ती निघाली तिचे नावच 'मरणाला सिद्ध व्हा' अशा अर्थाचे होते. अवघडपणा आता दुकानाची पाटी झाला. लवकरच 'सोल्ससारखे' म्हणवणाऱ्या खेळांची रांग लागली, आणि वेगळे दिसण्यासाठी उभारलेली पाटी गल्लीतल्या प्रत्येक दुकानावर झळकू लागली.

पण या अनुकरण करणाऱ्यांनी मियाझाकींचे निम्मेच पाहिले. ते लहानपणी इंग्रजी अद्भुतकथांची पुस्तके वाचीत. भाषा पुरती उमजत नसे, तेथे कल्पनेने जागा भरून काढीत. त्यांच्या खेळांतील अबोलपणाचा उगम तेथे आहे. आणखी एक आठवण त्यांनी सांगितली आहे. बर्फ पडलेल्या एका चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्या अनोळखी माणसांनी पुढच्या गाड्या ढकलल्या, आणि चढ पार झाल्यावर कोणी कोणाचे आभार मानावयासही थांबू शकले नाही. त्यावरून त्यांनी आपल्या खेळात अशी योजना केली, की अडलेल्या गड्याने साद घालावी आणि जगातल्या कोठल्याशा अनोळखी गड्याने मदतीस धावून यावे. जमिनीवर पुढच्यासाठी सूचना लिहून ठेवावी. म्हणजे हा जगप्रसिद्ध अवघड खेळ मुळात परस्परसाहाय्याच्या कल्पनेवर उभा आहे. चढ असा, की एकट्याने दमावे आणि दुसऱ्याची आठवण व्हावी!

आता ज्यांना चढापर्यंत पोहोचताच येत नव्हते त्यांच्याकडे वळू. खेळण्यासाठी दोन हात, दहा चपळ बोटे, स्वच्छ दृष्टी आणि तीक्ष्ण कान हवेत, असे या व्यवसायाने न बोलता गृहीत धरिले होते. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे बारांमागे एकाला लाल-हिरव्या रंगांचा भेद नीट कळत नाही. तरी मित्र हिरवा आणि शत्रू लाल, अशी रंगयोजना सर्रास होत आली. यात कौशल्याची परीक्षा कोठे आहे? हा चढ नव्हे, हा दाराला घातलेला अडसर आहे.

अडसर काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. निन्टेन्डोने १९८९ मध्येच हात न वापरता खेळता येईल असे एक साधन काढले होते. ते छातीवर बांधावयाचे. हनुवटीने दांडा हलवावयाचा आणि नळीतून श्वास ओढून वा फुंकून बटणांचे काम करावयाचे. पण ते दुकानांत मांडले गेले नाही. कंपनीकडून मागवून घ्यावे लागे. २००४ मध्ये अमेरिकेत एबलगेमर्स ही संस्था निघाली, पुढे इंग्लंडमध्ये स्पेशलइफेक्ट. एकेका व्यक्तीसाठी एकेक साधन जुळवून देण्याचे काम या संस्थांनी वर्षानुवर्षे केले. अमेरिकेच्या २०१० च्या दळणवळणविषयक कायद्यातून व्हिडिओ गेमना मिळालेली सूट २०१८ अखेर संपली, आणि खेळांतील संभाषणाची सोय अपंगांना वापरता येईल अशी करणे भाग पडले. त्याच २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक नवा कंट्रोलर बाजारात आणिला. त्याला दोन मोठ्या तबकड्या आणि पाठीमागे एकोणीस खोबणी आहेत. पायाचे पेडल, कोपराची कळ, तोंडाची नळी, ज्याला जे चालेल ते त्याने जोडावे. सोनीचे तशाच हेतूचे साधन २०२३ मध्ये आले.

खेळांच्या अंतरंगातही पालट झाला. २०२० च्या 'द लास्ट ऑफ अस भाग २' मध्ये साठांहून अधिक सोयी होत्या : अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे, ध्वनीच्या खुणांवरून वाट काढणे. दृष्टिहीन गड्यांनी तो अथपासून इतिपर्यंत पुरा केला. २०२३ च्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट' या शर्यतीच्या खेळात तर वळण किती जवळ आले, वेग किती, हे आवाजावरून ओळखून अंध गडी मोटार हाकू शकतो. शत्रू तितकेच क्रूर राहिले, वळणे तितकीच तीव्र राहिली; अडसर तेवढा निघाला.

येथे आपल्या जवळचे उदाहरण द्यावेसे वाटते. अंध बुद्धिबळपटूंचा पट आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यावरील काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घरात भोक असते, मोहऱ्यांना खुंटी असते, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर ओळखण्याची खूण असते. गडी बोटांनी पट वाचतो, आणि खेळी तोंडाने उच्चारली जाते. मुंबईचे चारुदत्त जाधव हे स्वतः दृष्टिहीन बुद्धिबळपटू. आपल्या देशात अंधांचे बुद्धिबळ संघटित करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. या पटावर घोडा अडीच घरेच चालतो. प्रतिपक्षाच्या वजिराला कोणी लगाम घालीत नाही. खुंट्या बसविल्यामुळे बुद्धिबळ सोपे झाले, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आणि तरीही २०१९ मध्ये मियाझाकींचा 'सेकिरो' हा अत्यंत कठीण खेळ निघाला तेव्हा नेमका हाच घोटाळा झाला. त्यात सोपी पायरी असावी काय, यावर इंग्रजी जगात मोठे रण माजले. एक पक्ष म्हणे, पायरी नसणे म्हणजे अपंगांना दार बंद करणे. दुसरा म्हणे, पायरी घालणे म्हणजे कलावंताच्या कृतीवर कुऱ्हाड. मियाझाकींची स्वतःची भूमिका अशी, की सर्वांनी एकच संकट अनुभवावे, म्हणजे त्याविषयी सर्वांना समान पातळीवर बोलता येईल. ही भूमिका थट्टेवारी नेण्याजोगी नाही. रायगड पायी चढून गेलेल्या दोघांना एकमेकांशी जे बोलता येते ते केवळ चढण्यातून आलेले असते. खेळाला त्या वर्षीचा सर्वश्रेष्ठ खेळाचा मोठा पुरस्कार मिळाला, हेही खरे. परंतु या युक्तिवादात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : 'एकच संकट' सर्वांना एकसारखेच जड असते. निरोगी तरुणाच्या बोटांना जी खेळी अवघड, ती संधिवाताने आखडलेल्या बोटांना अशक्य असते. आकडा एक ठेवल्याने ओझे एक होत नाही.

या वादाला उत्तर वर्षभर आधीच मिळून गेले होते. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडात मॅडी थॉर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सेलेस्ट' हा खेळ प्रसिद्ध केला. मॅडेलिन नावाची एक तरुणी मनातील भीतीशी झुंजत एक पर्वत चढते, एवढेच कथानक. खेळ कमालीचा कठीण आहे, आणि कठीण असणे हाच त्याचा अर्थ आहे. चढ काढला तर कथाच उरणार नाही. तरीही रचनाकारांनी साहाय्याची एक यादी उघडपणे गड्याच्या हाती दिली : वेग कमी करा, दम अमर्याद करा, हवे तर मृत्यूच नको म्हणा. नायकाला टोपडे नाही, टिंगल नाही, आणि शेवटचे शिखर कोणापासूनही राखून ठेवलेले नाही. यामुळे खेळाची किंमत उतरली काय? त्या वर्षी त्याला उत्तम स्वतंत्र खेळाचा पुरस्कार मिळाला, आणि अवघड खेळांचे चाहतेच त्याचे सर्वांत मोठे भाट झाले. ज्यांना पूर्ण चढ चढावयाचा होता ते चढलेच. शेजारी कोणी काठी टेकीत आला म्हणून त्यांचे शिखर बुटके झाले नाही. मियाझाकींच्या संस्थेनेही २०२२ च्या 'एल्डन रिंग' मध्ये पायरी न घालता वाटा वाढविल्या : एक शत्रू आवरेना तर दुसरीकडे जा, बळ मिळवा, साथीला आत्मे बोलवा, मग परत या. वर्षभरात त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती खपल्या.

श्रोतेहो, या इतिहासातून मला दिसते ते असे. अवघडपणा हा कधीच एका जागी स्थिर, पवित्र असा नव्हता. तो पार्लरवाल्याने खटक्यांनी फिरविला, प्रकाशकाने भाड्याच्या दुकानाकडे पाहून वाढविला, रचनाकाराने गुप्त मंत्राने स्वतःपुरता उतरविला, यंत्राने परस्पर बदलला. त्या वेळी खेळाच्या पावित्र्याची आठवण फारशी कोणास झाली नाही. किल्ली खेळणाऱ्याच्या हाती देण्याची वेळ आली तेव्हाच ती झाली! आणि उठून दिसण्याचे म्हणाल, तर नुसता अवघडपणा वा नुसत्या सोयी यांवर तगलेला खेळ मला दिसत नाही. निशिकादो, इवातानी, मियाझाकी, थॉर्सन यांचे खेळ टिकले, कारण त्यांचा चढ त्यांच्या सांगण्याचाच भाग होता.

आपल्याकडेही हा प्रश्न दाराशी आलेला आहे. नवी मुंबईत घडलेला 'लुडो किंग' २०२० च्या टाळेबंदीत आजी-नातवंडांनी वेगवेगळ्या गावांत बसून एकत्र खेळला, कारण त्याला दारच नव्हते. फासा सर्वांचा सारखा. त्याच वर्षी पुण्याच्या एका लहानशा चमूने 'राजी' हा खेळ जगापुढे ठेविला आणि आपल्या पुराणकथांच्या रंगरूपाने तो परदेशातही ओळखला गेला. उद्या येथील मुलेमुली खेळ रचतील. त्यांना माझे एवढेच सांगणे, की आपल्या मुलखातील बहुसंख्य मुलांपुढे पडद्यावरची इंग्रजी हाच पहिला अडसर असतो. मियाझाकींना तसा अडसर फळला हे खरे. पण त्यांच्या हातात निदान पुस्तक तरी होते, आणि पान उलटावयास कोणाची आडकाठी नव्हती.

चढ खुशाल उंच ठेवा. चढल्यावाचून गडाची गोडी नाही. परंतु पायथ्याशी आलेल्याला, तो काठीने चालत येवो, बोटांनी चाचपत येवो की थांबत थांबत येवो, लिंबूटिंबू म्हणून बाजूला बसवू नका. तो गडी आहे. त्याला गडी म्हणून मोजा.